मागं सीट नसलेली गाडी

धाकटा पुण्याला हॉस्टेलवर गेला त्या जूनमध्ये, म्हणजे २०२२ साली, आमच्या वॅगनआरची मागची सीट रिकामी झाली. तोपर्यंत तिच्यावर कुणी ना कुणी असायचंच. दप्तरं, आईची औषधं, वर्कशॉपची पॅटर्न, लग्नाला निघालेल्या मावश्या. एका रविवारी आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेऊन परत येताना हिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "अहो, आता आपल्याला मागची सीट लागत नाही."

ती सहज बोलून गेली. मला मात्र ते वाक्य सोडेना, कारण दोनच सीटची, छप्पर उघडणारी गाडी असावी ही इच्छा मी वीसेक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. कुपवाड एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. वडील किर्लोस्करवाडीला फिटर होते. लोखंडाची आवड घरातलीच. पण पोरांची शिक्षणं, आईचं आजारपण आणि मशीनचे हप्ते चालू असताना अशी गाडी मागणं बरं दिसलं नसतं. त्या रात्री मी हिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "किती लागतील ते आधी वहीत लिहा."

लिहिलं. गाडीला बारा लाख. आणि गाडी दारात आल्यावर तिच्या दुखण्याखुपण्याला वेगळे तीन लाख, ज्यांना खरेदीत हात लावायचा नाही. ही दुसरी ओळ हिची. पुढं सोळा महिने गाड्या बघत हिंडलो त्यात हीच ओळ सगळ्यात जास्त कामाला आली.

सुरुवातीला मन मझदाच्या एमएक्स-५ वर होतं. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली ही जपानी गाडी. पुढं छोटं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. माझा पुतण्या इंग्लंडात आहे, त्याच्याकडं एक जुनी आहे, आणि तिकडं ती आपल्याकडच्या जुन्या सेडानच्या भावात मिळते. पण ती भारतात कधी अधिकृतपणे विकली गेलीच नाही. बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, शिवाय आयात शुल्क असं की स्वस्त हा शब्द तिथंच गळून पडतो. पुतण्याला फोन करून सांगितलं, "बाळा, तुझ्या गाडीचे फोटो पाठवणं बंद कर."

मग आपल्याकडची. फार लोकांना ठाऊक नाही, पण गोव्यात दोन सीटची स्पोर्ट्स कार बनत होती. सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसीचं साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. साठ म्हणजे काही फार नाही, पण गाडी हलकी असली की साठही पुरतात. सावंतवाडीजवळ एक आहे असं कळलं. आंबोली घाट उतरून गेलो.

लाल रंग उन्हानं गुलाबी पडलेला. बोटानं टकटक केली की पाण्याच्या टाकीसारखा पोकळ आवाज. दाराच्या कडेला फायबरला केसासारख्या भेगा गेलेल्या. हे मला नवीन नव्हतं, फायबर भरता येतं. मी आत बसलो. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना आले, आणि समोर बॉनेट इतकं जवळ की हात लांबवला तर लागेल असं वाटलं. आपल्या माणसांनी बनवलेली गाडी, फार कमी बनलेली. मला ती मनापासून आवडली.

पण कागद. आरसी ज्यांच्या नावावर ते वारलेले. वारस तीन. त्यातले दोन मुंबईत, आणि त्यांच्यात बोलणं नाही. मालक गेल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो आणि त्यासाठी बाकीच्यांची संमती लागते. नोंदणीची मुदत संपून काही वर्षं झालेली. तरीही मी मोडायला तयार नव्हतो. मोडलो ते इंजिनावर. या इंजिनाची भावंडं युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत, आपल्या रस्त्यावर नाहीत. तिचा वॉटर पंप आणि हेड गॅस्केट मी सांगली, कोल्हापूर, पुणे असं तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडं नाही.

आमचे मिस्त्री मिरजेचे. वडिलांच्या वेळेपासून आमच्या गाड्या त्यांच्याकडंच. परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मी म्हणालो, पंप मी लेथवर करीन, बुश करीन, जे लागेल ते करीन. त्यांनी हातातला पाना फडक्याला पुसला आणि म्हणाले, "मालक, पंप कराल. पिस्टन रिंगा कराल का? बेअरिंग शेल कराल का? गाडी एकटी असूंदे. इंजिन एकटं नको."

पुढचं सगळं शोधणं या एका वाक्यावर चाललं. गाडी रस्त्यावर एकटी दिसावी, पण तिच्या पोटातलं इंजिन दुसऱ्या शंभर गाड्यांत असावं. तरच आपल्या भागातल्या माणसानं असली गाडी पाळावी. पुण्या-मुंबईच्या माणसाचं वेगळं. त्यांच्या दारात सगळं येतं. आपल्याला एका सेन्सरसाठी कोल्हापूर किंवा पुणे गाठायचं असतं, आणि तोपर्यंत गाडी जॅकवर.

त्यानंतर जी गाडी सापडली तिनं मला झोप लागू दिली नाही. बीएमडब्ल्यूची झेड-४, २००९ साली आलेलं दुसऱ्या पिढीचं मॉडेल. २९७९ सीसी, सहा सिलिंडर एका ओळीत, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर, धातूचं छप्पर वीसेक सेकंदांत डिकीत जातं. हिला मी फोटो दाखवले आणि सांगितलं की या गाडीचं बाहेरचं रूप आणि आतली रचना दोन्ही बायकांनी केलंय. युलियाने ब्लासी आणि नादिया अर्नाउट ही त्यांची नावं. ही बराच वेळ फोटो बघत बसली. मग किंमत विचारली. चौदा लाख. इतरत्र तसल्या गाडीला वीसच्या वर मागत होते. "मग ही एवढी खाली का?" हिनं विचारलं. मी म्हणालो, विकणाऱ्याला घाई असेल. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी पंचवीस हजार टोकन देऊन आलो, मिस्त्रींना न नेता.

आठवड्यानं मिस्त्रींना घेऊन गेलो. गाव सांगत नाही. गाडी चकाचक. चामड्याला पॉलिश, चटया नव्या. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. ते डाव्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. आपण कधी ओढत नाही तेवढा, शेवटच्या टोकापर्यंत. बेल्ट संपला तिथं, रिळाजवळच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर, एक आडवी तपकिरी रेघ होती. रेघेच्या वर पट्टा काळा, खाली मातकट.

हे सांगलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. वॅगनआर दारात होती, पाणी सीटच्या वर आलं, आणि ओसरल्यावर मी आणि थोरल्यानं मिळून ती पूर्ण सोलून धुतली. त्यामुळं पुराचा गाळ कुठं कुठं जाऊन बसतो हे मला पाठ आहे. दिसतो तिथून तो निघतो. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या आतल्या बाजूला राहतो. बेल्टच्या रिळात राहतो. दाराच्या तळात, वायरिंगच्या जोडांत राहतो आणि तांब्याला हिरवं करतो. वाळला की त्याला पिठासारखा मऊपणा येतो. कितीही सेंट मारा, काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभं राहिलं की वास येतोच.

मी डिकीतला गालिचा उचलला. या गाडीची बॅटरी मागं असते. बॅटरीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोटाला तो मऊपणा लागला. मी बोट मिस्त्रींच्या पुढं धरलं, त्यांनी मान हलवली. विकणारा म्हणाला, "सर्व्हिसिंगवाल्यांनी धुताना पाणी गेलं असेल." मी काही बोललो नाही. पंचवीस हजारांतले पंधरा हजार तीन महिन्यांनी, अकरा फोननंतर परत आले. बाकीचे गेले. ते गेल्याचं दुःख झालं, पण खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या पाण्यानं आमच्या गल्लीतल्या माणसांचे संसार वाहून नेले, त्या पाण्यात बुडालेली गाडी कुणीतरी कुणाच्या तरी लेकराला विकायला पुसून ठेवतो. सांगली-कोल्हापूरकडच्या कुणीही सेकंड हँड गाडी घेताना, मग ती अल्टो का असेना, आधी बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. दोन सेकंद लागतात.

झेड-४ कोरडी असती तरी बारा लाखांत बसली नसती, आणि मिस्त्रींच्या नियमातही नाही. ते इंजिन आपल्याकडं विरळच. त्याच इंजिनाच्या हाय प्रेशर फ्युएल पंपाच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत कंपनीनं त्या पंपाची वॉरंटी दहा वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली होती. तिकडं वॉरंटी. इकडं तो पंप आपल्या खिशातून.

मधल्या काळात बेळगाव भागातल्या दोन-तीन गाड्या स्वस्तात आल्या. सीमा जवळ असल्यानं कर्नाटक पासिंगच्या गाड्यांचा आपल्याला नेहमीच मोह पडतो. पण ती महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिकडची एनओसी, इकडचा एकरकमी कर नव्यानं भरायचा, आणि तिकडं भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मिळवायला खेटे घालायचे. हा हिशेब वहीत मांडला की स्वस्ताई उरत नाही. त्या गाड्या मी बघायलाही गेलो नाही.

आणि मग मर्सिडीजची एसएलके. हे नाव मी सुरुवातीलाच खोडलं होतं. मर्सिडीज म्हटल्यावर आपल्या आवाक्यातली नव्हेच, असा समज. मिस्त्रींनीच परत काढलं. त्यांचं म्हणणं असं: २००४ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एसएलके २०० कॉम्प्रेसरमध्ये जे १७९६ सीसीचं, सुपरचार्जर म्हणजे हवा दाबून भरणारा पंप लावलेलं चार सिलिंडरचं इंजिन आहे, तेच त्या काळातल्या सी २०० कॉम्प्रेसरमध्ये आहे. आणि सी-क्लास तर पुण्यात जुळवली जायची. डॉक्टर, बिल्डर, कारखानदार, सगळ्यांकडं होती. तिचे सुटे भाग मिळतात, जुन्या गाड्या तोडून विकणाऱ्यांकडंही मिळतात, आणि ते इंजिन उघडलेली माणसं आपल्या भागात आहेत. म्हणजे गाडी एकटी, इंजिन गर्दीतलं.

त्याच पिढीत व्ही-६ इंजिनाची एसएलके ३५० पण आहे, ताकदीनं मोठी. पण सुरुवातीच्या काही वर्षांच्या त्या व्ही-६ मध्ये बॅलन्स शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची थरथर मारणाऱ्या दांड्याचं, दातेरी चाक झिजतं आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. दातेरी चाक झिजणं म्हणजे काय हे मला रोजच्या धंद्यातून कळतं. तो विचार तिथंच सोडला. २०० मध्ये १६३ हॉर्सपॉवर आहेत. आमच्या वॅगनआरपेक्षा शंभरनं जवळपास जास्त. आम्हा दोघांना पुरे.

छपराबद्दलही सांगायला पाहिजे. सांगलीत कापडी छप्पर मला नको होतं. एप्रिलमधलं ऊन, उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ, गळीत हंगामात हवेतून येणारी काळी राख, आणि उसाच्या शिवारातले उंदीर. कापड किती वर्षं टिकणार? एसएलकेचं छप्पर पत्र्याचं. १९९६ च्या पहिल्या एसएलकेपासून हीच तिची ओळख. बंद असताना साधी बंद गाडी, बटण दाबलं की २२ सेकंदांत दुमडून डिकीत.

२००८ च्या फेब्रुवारीत पासिंग झालेली, एमएच-१२ ची एक पुण्यात मिळाली. मालक निवृत्त इंजिनिअर, पंच्याहत्तरीचे. मी फोनवर एवढंच म्हणालो, "काका, एक विनंती आहे. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." आधी दोन ठिकाणी आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. गरम इंजिन बरंच काही लपवतं. काका म्हणाले, "म्हणजे तुम्हाला चेन ऐकायची आहे." तेव्हाच मला बरं वाटलं.

नोव्हेंबर २०२३, रविवार. पहाटे चारला निघालो, मी, ही आणि मिस्त्री. नऊला काकांच्या दारात. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. गार. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चेनच्या झाकणावर आणि मूठ कानाशी. "मारा," म्हणाले. काकांनी किल्ली फिरवली. या इंजिनाची टायमिंग चेन ताणली असेल किंवा कॅमचं दातेरी चाक घासलं असेल तर गार इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. काही नाही. नुसतं इंजिन. मिस्त्रींनी तीन वेळा बंद-चालू करायला लावलं, मध्ये मध्ये थांबून. ज्या गावात तंबोऱ्याची जवारी कानानं लावतात त्या गावचा हा माणूस. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मग त्यांनी कॅम मॅग्नेटचा, म्हणजे इंजिनावरच्या एका विजेच्या चुंबकाचा, प्लग काढला. या इंजिनात ते मॅग्नेट झिरपायला लागलं की तेल वायरींच्या आतून केशवाहिनीसारखं चढत जातं आणि दूरच्या सेन्सरपर्यंत, कधी कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. बाहेरून काहीच दिसत नाही. प्लगच्या आत पांढऱ्या कापडाचं टोक फिरवून मिस्त्रींनी ते उजेडात धरलं. कोरडं. माझ्या हातात दिलं. मी हिच्या हातात दिलं. तो चिंधीचा तुकडा अजून माझ्या वहीत आहे.

बेल्ट दोन्ही ओढले, शेवटपर्यंत. काळे. डिकीचा तळ स्वच्छ, छपराच्या पंपाजवळ तेल नाही.

आणि मग छप्पर उघडेना. काकांनी बटण दाबलं, काही हालचाल नाही. परत दाबलं. त्यांचा चेहरा उतरला. "परवापर्यंत चालत होतं हो." मला वाटलं, संपलं. मिस्त्रींनी डिकी उघडली आणि आतला एक पडदा ओढून खाचेत अडकवला. छप्पर येऊन बसायच्या जागेत सामान नाही याची ती खूण. पडदा बसलेला नसला तर गाडी छप्पर हलवतच नाही. सकाळी आमच्यासाठी डिकी साफ करताना तो सुटला होता. आता बटण दाबलं. मागचा भाग उलटा उघडला, छप्पर मधून दुमडलं, आत गेलं. मी घड्याळ लावलं होतं. चोवीस सेकंद. सोळा वर्षांच्या जवळ आलेल्या हायड्रॉलिकला दोन सेकंद माफ. छपराच्या कोपऱ्यांतल्या सिलिंडरखाली रुमाल दाबून बघितला, डाग नाही.

हिची परीक्षा वेगळी होती. तिचा उजवा गुडघा दुखतो. एवढ्या खालच्या सीटवर बसता-उठता येतंय का हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ती साडीतच आली होती, मुद्दाम. आधी पाठमोरी होऊन सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, उतरताना दोन्ही पाय आधी बाहेर आणि हात दाराच्या चौकटीला. पाच वेळा बसली-उठली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मीही असंच करते." पाचव्यांदा उठल्यावर ही माझ्याकडं बघून नुसती हो म्हणाली.

गाडीखाली मी फूटपट्टी धरली. पाच इंच जेमतेम. आमच्या वर्कशॉपच्या रस्त्यावर कुणीतरी हौसेनं सिमेंटचा गतिरोधक घातलाय, त्याची उंची मी आदल्या दिवशी दोरी आणि लेव्हल लावून मोजली होती. सव्वाचार. पण नुसत्या उंचीवर काही ठरत नाही. पोट घासतं की नाही हे पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरावरही असतं. अंतर लांब असेल तर उंचवटा मध्ये शिरतो. एसएलकेचं ते अंतर २४३० मिलिमीटर, आमच्या वॅगनआरचं २४००. म्हणजे फरक तीस मिलिमीटरचा. मनाला पटलं, पण खात्री नव्हती.

टायरमध्ये घासाघीस झाली. नक्षी भरपूर, पण बाजूला कोरलेले चार आकडे ३११५. म्हणजे २०१५ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातलं रबर. आठ वर्षांचं. न फिरता म्हातारं झालेलं टायर वेगात सगळ्यात वाईट. काका साडेतेरा म्हणाले होते. चार टायर, बॅटरी आणि ब्रेक पॅडचा हिशेब मांडला आणि अकरा लाख चाळीस हजारांवर ठरलं. त्यांनी फार ताणलं नाही. फाइल दिली. प्रत्येक ऑइल बदलाचं बिल, तारखेसकट. ५८,००० किलोमीटर.

फाइलमध्ये मला सगळ्यात हवा असलेला कागद होता. नोंदणीची पंधरा वर्षं त्याच फेब्रुवारीत भरली होती आणि त्यांनी पाच वर्षांचं नूतनीकरण आधीच करून घेतलं होतं. हे काम घेणाऱ्यानं अंगावर घेऊ नये. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी साध्या मोटारीला ५,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० होती, शिवाय गाडी तपासणीला न्यायची. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, बँकेचा बोजा नाही हे आणि दंडाच्या पावत्या तिथंच मोबाइलवर बघितल्या. पैसे आरटीजीएसनं गेले. नाव लागायला आठवडे गेले, पण अडचण आली नाही. विमाही नाव बदलल्यावर १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा असतो, तो केला.

गाडी आणायला आम्ही दोघंच गेलो. काकांनी किल्ली हिच्या हातात दिली आणि गाडीकडं न बघता आत गेले. काकू म्हणाल्या, "त्यांना बघवणार नाही. तुम्ही निघा."

पुण्याहून येताना तेव्हा खंबाटकी चढावाच लागायचा. साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्यांना बोगदा होता, येणाऱ्यांना घाट. मला ते बरंच वाटलं, कारण जुनं इंजिन कसं आहे हे घाटात कळतं. ट्रकांच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो. मी तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून. काटा हलला नाही. माथ्यावर बाजूला घेऊन छप्पर उघडलं. नोव्हेंबरची दुपार, खाली वाईकडचं हिरवं खोरं, आणि हवा अंगावर आली. ही काही बोलली नाही. केसांना रुमाल बांधला.

कराडला चहा घेतला आणि तिथून तिनं चालवली. पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. प्रत्येक गावात गतिरोधक, प्रत्येक ठिकाणी तिरपी घेत गेली, एका वेळी एक चाक वर, म्हणजे पोट सरळ उंचवट्यावर येत नाही. आष्ट्यात सिग्नल नसताना पोरं थांबून बघत होती. एकानं विचारलं, "काकू, मागं कुणी बसलं तर?" ही म्हणाली, "बसायचंच नाही बाळा."

गाडी गावभागात ठेवायची नाही हे आधीच ठरलं होतं. पावसाळ्यात नदीचा भरवसा नाही. तिची जागा कुपवाडला, वर्कशॉपच्या शेडमध्ये. अंधार पडता पडता त्या रस्त्याला लागलो आणि समोर तो सव्वाचार इंचांचा गतिरोधक.

हिनं गाडी थांबवली. मी उतरलो, मोबाइलची बॅटरी लावली आणि रस्त्यावर कोपरं टेकून आडवा झालो. "सावकाश. डावं चाक आधी." पुढचं डावं चढलं, उतरलं. मग उजवं. मग पोट वरून सरकायला लागलं. उजेड सिमेंट आणि पत्र्याच्या मधून आरपार जात होता. जेमतेम बोटभर फट. ती तेवढीच राहिली, मागचं चाक चढेपर्यंत.

"लागलं का हो?" ती काचेतून ओरडली.

"नाही."

ती पुढं निघून गेली. मी शर्ट झटकला आणि शेडपर्यंत तिच्या मागच्या दिव्यांमागून चालत गेलो.